पिवळी रेघ

झेंडूचा वास आला की माझा उजवा अंगठा आपोआप पँटला पुसला जातो. काही लागलेलं नसतं, तरी पुसला जातो. परवा मखमलाबादहून मेहुण्याचा टेम्पो आला, शोभाच्या माहेरच्या मळ्यातला झेंडू घेऊन. अंगणात क्रेट उतरायला लागले आणि मी तिथंच उभा राहून अंगठा पुसत राहिलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, काय लागलं हाताला?" म्हटलं, "काही नाही रे, सवय." तो बिचारा पुढचा क्रेट उतरवायला लागला. गेली तीन वर्षं या दिवसांत आमच्या घरात कुणी फार विचारत नाही.

नवरात्राचे दिवस नाशकात मोठे विचित्र असतात. पाऊस गेलेला असतो आणि थंडी आलेली नसते. खड्ड्यांतला चिखल वाळून त्याची धूळ झालेली असते. दिंडोरीकडच्या बागांत छाटण्या चालू असतात, पेठ रोडवर वाऱ्याबरोबर फवारणीचा वास येतो, आणि ऊन असं की डोकं चढावं. त्यात जिकडे बघावं तिकडे पिवळं. ढीग पिवळे, हार पिवळे, रिक्षांची तोंडं पिवळी. मला हा रंग एके काळी फार आवडायचा. अहो, त्याच्यावरच तर माझं पोट होतं.

ओझरला विमानांच्या कामावर मी बत्तीस वर्षं काढली, त्यातली वीस-बावीस तपासनीस म्हणून. आमच्या कामाचा एक साधा कायदा होता. बोल्ट घट्ट करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. तपासणाऱ्यानं स्वतःच्या हातानं टॉर्क रेंच लावायचा. हा रेंच ठरलेला जोर भरला की 'टक्' असा आवाज देतो. तो आवाज ऐकायचा आणि मगच बोल्टवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची, अर्धी बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धी शेजारच्या धातूवर. पुढे बोल्ट हलला की रेघ तुटलेली दिसते. रेघ ओढायची आणि म्हणायचं, "ओके." माझ्या या ओकेवर माणसं आकाशात गेली आणि खाली आली. घरी भाजीत मीठ बरोबर आहे का हे सांगतानासुद्धा मी ओके म्हणायचो. मधू लहानपणी माझी नक्कल करायची. कमरेवर हात ठेवून दूधभाताकडे बघायची आणि म्हणायची, "ओके."

मधू म्हणजे माझी मुलगी. मेकॅनिकल इंजिनियर, गोंद्याला एका कारखान्यात डिझाइनला होती. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पगारातून तिनं एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. आधीच जोरकस, हातगिअरची, रस्त्याला चिकटून पळणारी. रोज सकाळी ती ही गाडी घेऊन पाथर्डी फाट्याच्या गर्दीतून गोंद्याला जायची आणि संध्याकाळी परत यायची. चार माणसांना हे बस झालं असतं की नाही? पण नाही. त्या वर्षी पावसाळा संपता संपता एका रविवारी ती माझ्यासमोर कागद घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, सुपरचार्जर बसवू या."

शोभा वाटाणे सोलत होती. तिनं विचारलं, हे काय असतं? मी सांगितलं, इंजिन आपल्या दमानं हवा ओढतं. हा पंप इंजिनच्याच बेल्टवर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. चुलीला फुंकणी लावतो ना, तसं.

"फुंकणी लावली की चूल भडकते," शोभा म्हणाली. "आणि आधीच भडकलेल्या चुलीला कुणी फुंकणी लावत नाही. नाकापेक्षा मोती जड होईल हं."

"आई, ही शोची गाडी नाहीये," मधू म्हणाली. "मला रोज हिच्यातूनच जायचंय. ऊन, ट्रॅफिक, सगळं झेपेल असंच करणार. ब्रॅकेटचं ड्रॉइंग मी काढते. बाबा बनवतील. बाबा तपासतील. मग काय?"

खरं सांगतो, त्या 'बाबा तपासतील'वर मी विकला गेलो. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी कंपनीच्या बसच्या वेळेला जाग यायची आणि कुठं जायचं नसायचं. मी शोभाच्या मिसळणाच्या डब्याला लेबलं लावली होती. नळाच्या चकत्या बदलून झाल्या होत्या. हाताला काम मिळतंय म्हटल्यावर माझ्या तोंडातून शहाणपणाची एक गोष्ट बाहेर पडायला हवी होती, ती पडली नाही. प्रत्येक यंत्राला बनवणाऱ्यानं एक हद्द आखून दिलेली असते. हे मी वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं होतं.

पार्ट मालेगावच्या भंगारात मिळाला, कुठल्याशा विदेशी गाडीतून काढलेला. आम्ही दोघं गेलो होतो. दुकानाच्या मागे यंत्रमागांची खडखड अखंड चालू होती, बोललेलं ऐकू येत नव्हतं. दुकानदार म्हातारा चाचा होता. त्यानं तो जड तुकडा फडक्यानं पुसला, पुली हातानं फिरवून दाखवली, आत दोन पाती एकमेकींना न लागता वळली. मग मधूकडे बघून म्हणाला, "ले जा रही हो तो ले जाओ बेटी. मगर ये चीज़ भूखी है. जो इसको पकड़ के रखता है, पहले उसको खाती है." मधू हसली. मीही हसलो. परतताना हायवेला मी त्याचा अर्थ लावत बसलो होतो. पंपाला धरून ठेवणारे ब्रॅकेट-बोल्ट आधी जातात, इतका तो सरळ होता, म्हणून मी सोडून दिला.

आणि आणला कधी, तर पितृपक्षात! शोभानं कपाळाला हात लावला. "या पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणतात का हो? कुणाला शिकवायचं?" म्हटलं, "नवी कुठंय, जुनीच आहे." असले पाचकळ विनोद करायला मी पहिल्यापासून पटाईत. तिनं तो पार्ट घटस्थापनेपर्यंत घरात घेऊ दिला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पोत्याखाली राहिला. आमचं मांजर त्या शेडमध्ये निजायचं, ते तेवढे दिवस गच्चीवर निजलं.

पण ते दिवस! आता कितीही वाईट वाटलं तरी ते दिवस चांगलेच होते हे खोटं कसं म्हणू? मधू कंपनीतून यायची, बूट काढून तशीच शेडमध्ये. तीन आठवडे गाडी उघडी पडलेली, त्यामुळं ती बसनं जायची आणि वैतागून यायची. मी दिवसभर सातपूरच्या मित्राच्या लेथवर ब्रॅकेट घासत असायचो. संध्याकाळी तिच्या ड्रॉइंगवर ठेवून बघायचो. बेल्ट तीन-चार पुल्यांवरून जाणार, त्या सगळ्या एका सरळ रेषेत यायला हव्यात, नाहीतर बेल्ट एका बाजूला चालत जातो आणि उडतो. त्याच बेल्टवर स्टिअरिंग हलकं करणारा पंप आणि पाण्याचा पंपही होता. तिनं ही रेषा इतकी नेमकी काढली होती की मी पट्टी लावली आणि गप्पच झालो. "ओके?" तिनं विचारलं. "ओके," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या अभिमानानं हा शब्द उच्चारला नव्हता.

अष्टमीच्या संध्याकाळी आम्ही ते सगळं नुसतं हातानं आवळून मिनिटभर इंजिन सुरू केलं. आधी नेहमीचा आवाज आला. मग मधूनं पेडल जरा दाबलं आणि त्याच्या वर एक दुसरा आवाज चढला. पिठाची गिरणी सुरू होताना चढतो तसा, पण बारीक, आणि चढतच जाणारा. शेजारच्यांचा कुत्रा भुंकायचा थांबला. शोभा ओट्यावरून उठून दारात आली. तिच्या हातात घटाला घालायची माळ होती.

"कण्हतंय ते," ती म्हणाली.

"गातंय," मधू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून घटापुढं मांडतात. विळी, कात्री, कुदळ, माझे पाने, सगळं. एकदा मांडली की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही. त्यांनाही सुटी हवी, असं शोभाची आई सांगायची. आम्ही सकाळपासून शेवटची आवळाआवळी करत होतो. सुपरचार्जरचे आणि त्याच्या ब्रॅकेटचे मिळून अकरा बोल्ट. मधू एक आवळायची, मी मागून रेंच लावून टक् ऐकायचो आणि रेघ ओढायचो. दहा झाले. अकरावा होता बेल्टला ताण देणाऱ्या छोट्या पुलीचा. तेवढ्यात शोभा दारात. "द्या इकडे ती हत्यारं. मुहूर्त टळतोय. सणावारी माझ्या डोक्याला ताप देऊ नका." तिनं माझ्या हातातून रेंच घेतला आणि पदरानं पुसला.

मधू म्हणाली, "बाबा, ताणाच्या पुलीचा राहिलाय. लक्षात ठेवा."

"माझ्या लक्षात आहे," मी म्हणालो.

दुपारी शोभानं हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. मग ताट घेऊन शेडमध्ये गेली आणि गाडीच्या नव्या यंत्रालाही वाहून आली. मी तेव्हा आत पेपर वाचत होतो.

दसऱ्याला सकाळी मेहुण्यानं आणलेला हाताएवढा जाड हार आम्ही गाडीला बांधला. मी नवा झब्बा घातला होता. चष्मा आत टेबलावर होता. मधूनं बॉनेट उचललं आणि विचारलं, "बाबा, तो कालचा?" मी वाकलो. रेघा मोजल्या. एक, दोन, तीन. अकरा. अकराच्या अकरा पिवळ्या. मला आठवत होतं की एक राहिला होता. पण डोळ्यांना अकरा दिसत होत्या, आणि मी आयुष्यभर डोळ्यांची भाकरी खाल्ली होती, आठवणीची नाही. वाटलं, काल मागाहून मारला असेल आणि विसरलो. रिटायर माणूस काय काय विसरत नाही? रेंच पूजेत होता. मागितला असता तर शोभा दोन शब्द बोलली असती आणि दिला असता. मी मागितला नाही.

"ओके," मी म्हणालो.

दुपारी श्रीखंडपुरी झाली आणि आम्ही दोघं निघालो. शोभा म्हणाली होती, "सीमोल्लंघन आहे, गावाची शीव ओलांडून या नि परत फिरा. उगाच लांब जाऊ नका." पण शीव ओलांडल्यावर लगेच परत फिरावं अशी ती गाडी राहिली नव्हती. पेठ रोडला लागलो, मधूनं पेडल दाबलं, आणि कुणीतरी पाठीत तळहात ठेवून ढकलावं तसं झालं. तो आवाज चढत चढत दातांत शिरला. मधू मोठ्यांदा हसत होती. मीही हसत होतो, माझ्या वयाला न शोभेल इतका. डॅशबोर्डवर आपट्याची पानं होती, ती घसरून माझ्या मांडीवर आली. आम्ही सावळघाट उतरून गेलो.

घाटाखाली एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाली म्हातारी गाडीकडे बघत होती. मधूनं निघताना गाडी सुरू केली तशी ती म्हणाली, "काय वो, लय कण्हती गाडी तुमची. बघून घ्या जरा. म्होरं घाट हाय."

आणि तेव्हाच मी ते ऐकलं. त्या कण्हण्याच्या खाली बारीक 'चिक्'. थांबून थांबून. बेल्ट कुठंतरी जागचा हलत होता. मला ऐकू आलं, मला कळलं, आणि मी बोललो नाही. कारण मी ओके म्हणालो होतो. ज्यावर मी ओके म्हणालोय त्याची शंका मीच कशी घेऊ? हा माज होता. दुसरा शब्द नाही त्याला.

परतीच्या चढाला तिसऱ्या की चौथ्या वळणावर तो आवाज एकदम बंद झाला. अगदी शांत. मला क्षणभर बरं वाटलं. मग बॉनेटखाली धाडकन् काहीतरी आपटलं आणि मधू ओरडली, "बाबा, स्टिअरिंग!" बेल्ट गेला होता, त्याच्याबरोबर स्टिअरिंगची मदत गेली होती. ते दगडासारखं जड झालं, वळणाच्या मध्यावर. तिनं दोन्ही हातांनी ओढलं, ब्रेक दाबला. गाडी निम्मी वळली आणि नाक कठड्यावर गेलं. कठडा टिकला. पलीकडे खाली झाडांचे शेंडे दिसत होते. रस्त्यावर झेंडूच झेंडू सांडला होता. मधूचा उजवा हात स्टिअरिंगच्या आऱ्यात अडकून पिळला होता. ती रडत नव्हती. त्या हाताकडे बघत होती आणि म्हणत होती, "माझी लाइन चुकली. माझी लाइन चुकली."

मनगटाचं ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. माझ्या फासळीला मुका मार, बस. तिसऱ्या दिवशी मी गॅरेजला गेलो, गाडीतलं सामान आणायला. इंजिनखालच्या प्लॅस्टिकच्या ताटलीत तो बोल्ट पडला होता. तुटलेला नव्हता. आटे जसेच्या तसे. फिरत फिरत बाहेर आला होता. डोक्यावर पिवळी रेघ. मी तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला घाम होता. आमचा रंग पेट्रोलनं घासला तरी निघत नाही. ही रेघ अंगठ्याला आली. मी अंगठा नाकाशी नेला.

हळद.

मी बोल्ट रुमालात गुंडाळला, अंगठा त्याच रुमालाला पुसला, घरी आलो. नंतर बोल्ट उदबत्तीच्या रिकाम्या डब्यात ठेवून कपाटात टाकला. मधूनं हॉस्पिटलातून विचारलं, "बोल्ट सापडला का हो? तुटला असेल ना?" मी म्हणालो, "नाही सापडला."

का म्हणालो? पहिल्या दिवशी म्हणालो कारण ती दुखण्यात होती. दुसऱ्या दिवशी, कारण शोभाला कळलं असतं की तिच्या हळदीनं पोरीचा हात गेला. माळ्याच्या घरातली ती, देवापुढं हात जोडले की डोळ्यांत पाणी येणारी. तिला हे कसं सांगायचं? अशी चांगली चांगली कारणं मी तीन वर्षं पुरवून वापरली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत काय होतं ते मला माहीत होतं. मला माझं ओके वाचवायचं होतं.

आणि ते वाचलं हो! इतकं वाचलं की त्यानं मधूला खाल्लं. तिला माझी शंकाच आली नाही. ती म्हणायची, "बाबांनी ओके म्हटलंय म्हणजे फिटिंगचा प्रश्नच नाही. माझंच ड्रॉइंग चुकलं." हात पूर्ण वळत नाही याचं तिनं काही वाटून घेतलं नाही. पण तिनं डिझाइनचं काम सोडलं. पुण्याला गेली, कुठल्याशा कंपनीत दुसऱ्यांची पत्रं इकडून तिकडे पाठवायचं काम धरलं. घरी आली की भिंतीवरचं कॅलेंडर सरळ आहे का, हे दोनदा पट्टीनं बघायची. जिची रेषा बघून मी गप्प झालो होतो, ती माझी पोर कॅलेंडरला पट्टी लावत होती. मी बघत होतो आणि चहा पीत होतो. मला माझी किळस येते, पण उशिरा आली.

या वर्षी पितृपक्षात तिचा फोन आला. "बाबा, तो सुपरचार्जर अजून आहे ना? मला तो परत बसवायचाय." म्हटलं, कशाला गं? म्हणाली, "त्या भीतीला असं सोडून दिलं तर मी कधीच काही काढू शकणार नाही." गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होतीच. मेहुण्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानं ती दुरुस्त करून ठेवली होती, मी आठवड्यातून एकदा इंजिन फिरवायचो. नवरात्रात पंचमीला मधू आली आणि पुन्हा ते सगळं सुरू झालं. तेच ऊन, तीच शेड, तोच पत्र्याचा चटका. मांजर पुन्हा गच्चीवर गेलं.

आज नवमी. सकाळी अकरा बोल्ट आवळून झाले. एकेक तिनं तीन-तीनदा आवळला, डाव्या हातानं उजव्या मनगटाला आधार देत. मग ती उलट्या बादलीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, एक सांगू? हे ड्रॉइंग मी तीन वर्षांत किती वेळा काढलं माहितीये? पुली सरळ येते. दर वेळी सरळच येते. मला चूक सापडतच नाही. चूक न सापडता मी तेच परत बसवतेय. मला फार भीती वाटते. पण तुम्ही ओके म्हणालात की उद्या चालवीन."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. पोरगी तीन वर्षं वळसा घालत होती आणि कळसा माझ्या कपाटात होता. मी उठलो, आत गेलो, डबा आणला.

"मधू, ड्रॉइंग बरोबर होतं."

तिनं बोल्ट हातात घेतला. उजेडाकडे धरला. काही सांगावं लागलं नाही, इंजिनियर आहे ती. "आटे शाबूत आहेत," ती हळू म्हणाली. "हा तुटला नाही. हा सैल होता."

"हो."

"पण तुम्ही ओके म्हणाला होतात."

"रेंच न लावता म्हणालो. पिवळं दिसलं आणि म्हणालो."

"रेघ तुम्ही ओढली नव्हतीत, तर पिवळं आलं कुठून?"

शोभा दारात उभी होती, हातात ताट. हत्यारं न्यायला आली होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. मी म्हणालो, "माझ्या डोळ्यांची चूक गं. चष्मा नव्हता."

"माझ्या ताटातून आलं," शोभा म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता, दळण आणायचंय असं सांगावं तसा. "सगळ्यांना पिवळं होतं. त्या एकालाच नव्हतं. मला वाटलं, सणाच्या दिवशी एकट्यालाच कोरं कशाला ठेवायचं? म्हणून मीच ओढलं बोट."

मी म्हणालो, "अगं, तुला कधी कळलं?"

"तुम्ही गॅरेजहून आलात त्या दिवशी. तुमच्या रुमालाला साबण लावला आणि डाग लाल झाला. हळदीचाच होतो. तुमचे कपडे बत्तीस वर्षं धुतलेत मी, तुमचा तो रंग लाल होत नाही." मग थांबून म्हणाली, "मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलता याची."

तेव्हा मी तिच्या ताटाकडे बघितलं. कुंकू होतं, अक्षता होत्या, फुलं होती. हळद नव्हती. आणि मग मला मागची दोन वर्षं दिसायला लागली. घटापुढं मांडलेले माझे पाने, कात्री, विळी. सगळ्यांवर नुसतं लाल बोट. त्या वर्षानंतर माझ्या बायकोनं एकाही हत्याराला हळद लावली नव्हती. माझ्या नाकासमोर, माझ्याच घरात. आणि मी म्हणे तपासनीस.

मधूनं तो बोल्ट खिशात टाकला. मग उठली आणि रेंच उचलला.

"आई, थोडं थांब. हत्यारं आत्ता मिळणार नाहीत."

"मुहूर्त जाईल गं."

"जाऊ दे."

तिनं पहिल्या बोल्टपासून सुरुवात केली. टक्. दुसरा. टक्. शोभा ताट घेऊन तशीच उभी राहिली. मी मनात मोजत होतो. अकरावा टक् झाल्यावर मधूनं माझ्या पेटीतून रंगाची बाटली घेतली आणि स्वतः रेघा ओढायला लागली. मनगट वळत नाही, त्यामुळं रेघा वाकड्या येत होत्या. मी सवयीनं पुढं वाकलो.

"बाबा, तुम्ही बघू नका," ती म्हणाली. रागानं नाही. त्यापेक्षा रागानं म्हणाली असती तर बरं होतं.

मी मागं सरलो. सगळ्या रेघा झाल्या तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं नाही, ओके का म्हणून विचारलं नाही. इंजिन सुरू केलं. तो आवाज चढला, तसाच, दातांत शिरणारा, आणि शेजारचा कुत्रा गप्प झाला.

आता दुपार झालीय. हत्यारं उशिरा का होईना घटापुढं मांडलीत, लाल बोटांची. अंगणात झेंडूचा हार ओवून पडलाय. उद्या सीमोल्लंघन. मधू एकटी जाणार आहे, पेठ रोडनं, घाट उतरून परत. हे तिनं स्वयंपाकघरात शोभाला सांगितलं. मी बाहेरच्या खोलीतच बसलो होतो.